ह्येका उतार खंय? : गळक्या छपरांचा एक घरगुती इतिहास

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी मी मिशिगनमधल्या आमच्या घरासमोर उभ्या असलेल्या मोटरहोमच्या टपावर चढलो आणि तिथूनच कणकवलीजवळच्या गावात बाबांना व्हिडिओ कॉल लावला. मोबाइल गोल फिरवून त्यांना सगळा टप दाखवला. हवा जायची दोन झाकणं, एसीचा डबा, टीव्हीचा अँटेना, फ्रिजच्या धुराड्याची टोपी, आणि त्या प्रत्येकाभोवती कुणीतरी फासून ठेवलेले पिवळट चिकट ढिगारे. बाबांनी चष्मा वर केला, खाली केला. मग म्हणाले, "झिला, ह्येका उतार खंय?"

उतार नव्हता. २७ फूट लांब, ८ फूट रुंद, आणि हातात पाणसळ घेतली तरच कळेल इतपत मध्ये फुगीर. बाबांचा पुढचा प्रश्न ओघानेच आला. "मगे पाणी खंयसून जातला?"

पाणी कुठून जात होतं ते मला माहीत होतं. आमच्या बाथरूममधून.

मोटरहोम म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं अख्खं घर. झोपायची जागा, स्वयंपाकाचा ओटा, संडास, सगळं चाकांवर. आमची गाडी १९९६ची. दोन वर्षं साठवलेल्या ९,००० डॉलरमध्ये एप्रिलमध्ये घेतली. तेवढ्या पैशात चौघांची भारतवारी झाली असती, हे बायकोने तेव्हा एकदाच सांगितलं आणि परत कधी बोलून दाखवलं नाही. (एकदाच सांगितलेलं जास्त लक्षात राहतं.) उन्हाळाभर आम्ही तळ्याकाठी, जंगलात फिरलो, मुली खूश होत्या. ऑगस्टमधल्या एका रात्री पाऊस झाला आणि सकाळी बाथरूमच्या छतावर चहा सांडल्यासारखा डाग दिसला. मी त्यावर बोट दाबलं. बोट आत गेलं.

एका वर्कशॉपने बघून ७,४०० डॉलर सांगितले. गाडी घेताना बघायला हवं होतं, असंही सांगितलं. त्याचे पैसे घेतले नाहीत.

म्हणजे ते काम मलाच करायचं होतं, आणि ऑक्टोबरच्या मध्याच्या आत. टपाला लावायचं सीलंट हवा साधारण १० अंशांच्या वर असेल तरच नीट बसतं. त्यानंतर आमच्याकडे बर्फाचे दिवस. फटीत शिरलेलं पाणी गोठलं की फुगतं आणि फट रुंद करतं. एक हिवाळा असा गेला असता तर वसंतात गाडी भंगारात द्यावी लागली असती.

त्या सहा आठवड्यांत मी रात्री गळतीचा इतिहास वाचत बसायचो. दुरुस्तीला त्याचा थेट उपयोग नव्हता. पण बाबांचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता.

*

कोकणातलं छप्पर पाणी अडवत नाही. हे मला वयाच्या ३८व्या वर्षी, अमेरिकेत, हातात खरवडणी घेऊन बसलेलो असताना समजलं. कौलारू छप्पर पाण्याला फक्त वाट दाखवतं: थेंब या कौलावरून त्या कौलावर, तिथून पुढच्या, शेवटी पागोळी होऊन अंगणात. कौलांमध्ये फटी असतातच. त्यांतून धूर बाहेर जातो, वारा आत येतो, दुपारी उन्हाचे कवडसे शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडतात. पाण्याला खाली जायची घाई असते आणि उतार पुरेसा असला की त्या फटींकडे वळायला त्याला फुरसत मिळत नाही. सगळं तंत्र एवढंच.

आधी गवत आणि पेंढा. नारळाची चुडतं. हे सगळं एका पावसात कुजायचं, म्हणून दरवर्षी नवं. मग नळे. कुंभार चाकावर एका टोकाला निमुळती नळी काढायचा आणि ती उभी चिरून दोन तुकडे करायचा. एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी. नळे एकमेकांत अडकत नाहीत, नुसते आपल्या वजनाने पडून राहतात. त्यामुळे मांजर धावलं, उंदीर शिरला, वारा सुटला की सरकतात.

आणि मग मंगलोरी कौल, ज्याला आपण अगदी आपलं, अस्सल कोकणी मानतो. ते मूळचं फ्रान्सच्या अल्सास भागातलं आहे. तिथल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१मध्ये एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचं पेटंट घेतलं. कौलाला कडेने खाच, शेजारच्या कौलाला तिच्यात बसणारा उंचवटा, मागे रिपेवर टेकायला टाच. बासेल मिशनच्या लोकांनी १८६०च्या दशकात मंगळुरात, नेत्रावती नदीच्या चिकणमातीत, तशी कौलं यंत्रावर दाबून भट्टीत भाजायला सुरुवात केली. ती समुद्रमार्गे किनाऱ्यावर वरपर्यंत आली. आमच्या आजोबांनी घरावरचे नळे उतरवून मंगलोरी कौलं घातली ती १९६०च्या दशकात. त्याआधी गावात ज्यांच्या घरावर कौलं होती त्यांना वेगळा मान होता, असं आजी सांगायची.

पण गवत असो, नळे असोत वा कौलं, मे महिन्यातली शाकारणी कुणालाच चुकली नाही. मिरग लागायच्या आत घर शाकारून व्हायला हवं. बाबा पहाटे शिडी लावायचे, कारण दहानंतर कौलांवर हात ठेवता येत नाही. दोन गडी वर, आम्ही मुलं खाली. आढ्याकडून एकेक ओळ उतरवायची, पालापाचोळा झाडायचा, वाळवी लागलेली रीप बदलायची, फुटकी कौलं बाजूला काढायची, चांगली परत चढवायची. कोने नीट बसलेत ना ते बघायचं. आई माळ्यावरचं सामान चादरींनी झाकून ठेवायची, तरी आठवडाभर जेवणात माती लागायची. आणि काम संपलं की बाबा घरात यायचे, सगळी दारं-खिडक्या लावून घ्यायचे, माजघरात अंधार करून वर बघत उभे राहायचे. जिथे उजेडाचा ठिपका भलत्या जागी दिसला तिथे काठीने खालूनच कौल ढोसायचं.

यातली गंमत कळायला मला मोटरहोम घ्यावी लागली. कौलारू घर गळलं तर त्याच मिनिटाला टप्प आवाज येतो. कुणीतरी ओरडतं, टोप आणून ठेवला जातो. पाऊस थांबला की शिडी लावून कौल सरकवलं, संपलं. वासा ओला झाला तरी चोवीस तास वारा लागतो, सुकून जातो. माझ्या गाडीत पाणी किती वर्षं आत शिरत होतं ते कुणालाच कळलं नव्हतं.

*

चालत्या गाडीला उताराचं छप्पर घालता येत नाही. उंची वाढली की गाडी कलंडते, पुलाखालून जात नाही, वारा धरते. म्हणून गाडी बांधणाऱ्यांनी पाण्याला वाट दाखवण्याऐवजी त्याला अडवायचं ठरवलं. ही विद्या त्यांना बोटी बांधणाऱ्यांकडून मिळाली. बोटीच्या फळ्यांमधल्या फटींत जुन्या दोरांचा पिंजलेला काथ्या किंवा कापूस ठोकून भरायचा आणि वरून डांबर किंवा राळ. फळ्या पाण्याने फुगतात आणि तो बोळा घट्ट दाबून धरतात.

नुसत्या हौसेसाठी चाकांवरचं घर बांधून घेणारा पहिला माणूस म्हणून विल्यम गॉर्डन स्टेबल्स याचं नाव घेतलं जातं. तो ब्रिटिश आरमारातला निवृत्त डॉक्टर होता, हा योगायोग मला आवडतो. मुलांसाठी साहसकथा लिहायचा. १८८५मध्ये त्याने ब्रिस्टल वॅगन वर्क्स या कारखान्याकडून महोगनी आणि मेपल लाकडाची सुमारे १८ फूट लांब गाडी करून घेतली, तिला 'वाँडरर' नाव दिलं, 'जमिनीवरचं जहाज' म्हणून मिरवलं आणि दोन घोडे जुंपून इंग्लंडमधून थेट स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसपर्यंत गेला. सोबत गाडीवान, एक नोकर आणि कुत्रा. नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्ता मोकळा आहे का बघायचा. रोमानी लोक इंग्लंडात त्याआधीपासून अशाच गाड्यांत राहत होते, पण त्यांना कुणी 'पहिलं' म्हणत नाही, कारण ते हौसेसाठी राहत नव्हते.

त्या कारखान्यात मुख्यतः रेल्वेचे डबे बनायचे. रेल्वेच्या डब्याचा टप त्या काळी असा असायचा: वाकवलेल्या लाकडी कमानींवर फळ्या, फळ्यांवर सफेदा आणि जवसाच्या तेलाचा दाट लेप, तो ओला असतानाच वरून ताणून बसवलेलं जाड कॅनव्हास, आणि त्याच्यावर पुन्हा रंगाचे थर. जवसाचं तेल हवेत सुकत नाही, जमतं. आधी चिकट, मग चामड्यासारखं, मग काचेसारखं. आपले रंगारी लाकडाच्या भेगांत लांबी भरतात त्यातलाच हा प्रकार. पहिली काही वर्षं त्यातून थेंब आत येत नाही. मग तो लेप कडक होतो, आणि गाडी हलत राहते.

खरी अडचण इथे आहे. घर एका जागी उभं असतं. गाडी खड्ड्यात आदळते, वळणावर पिळवटते, उन्हात अॅल्युमिनियम प्रसरण पावतं तेव्हा त्याच्या खालचं लाकूड तेवढं पावत नाही. जिथे दोन वस्तू जोडल्यात तिथे त्या रोज एकमेकींपासून केसभर दूर जातात आणि जवळ येतात. त्या फटीत भरलेली वस्तू कडक असेल तर तडकणारच. त्यामुळे गेल्या दोनशे वर्षांत लोक शोधत राहिले ते वर्षानुवर्षं मऊ राहील अशा चिकट गोळ्यासाठी. वाचायला ते जितकं कंटाळवाणं वाटतं तितकं ते नाही.

चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३मध्ये डांबरापासून निघणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळवून ते दोन कापडांमध्ये भरलं आणि रेनकोट केला. थंडीत तो पुठ्ठ्यासारखा व्हायचा, उन्हात चिकट. चार्ल्स गुडइयरला १८३९मध्ये सापडलं की रबरात गंधक घालून तापवलं तर ते ताणलं जातं आणि परत जागेवर येतं. हा माणूस कर्जापायी तुरुंगात जाऊन आला होता आणि कर्जातच मेला. टायर कंपनीला त्याचं नाव नंतर, तो गेल्यावर दिलं गेलं. १९२०च्या दशकात कॅन्सस सिटीत जोसेफ पॅट्रिक नावाचा डॉक्टर गाडीच्या रेडिएटरसाठी स्वस्त अँटिफ्रीझ शोधत होता. त्याच्या हाती लागला एक भयंकर घाण वासाचा चिवट गोळा. त्यावर पेट्रोलचा काही परिणाम होत नाही असं दिसलं आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंधनटाक्यांचे सांधे त्याने भरले गेले. १९३७मध्ये विल्यम स्पार्क्स आणि रॉबर्ट थॉमस यांनी ब्यूटाइल रबर तयार केलं, ज्यातून हवा जवळजवळ जातच नाही. टायरच्या आतल्या ट्यूबा त्याच्या झाल्या. माझ्या हातातली काळी टेप, जी मी सप्टेंबरभर बोटांना चिकटवून घेतली, ती तीच.

माझा टप मात्र ईपीडीएम नावाच्या रबराचा आहे. चादरीसारखं सलग रबर, खाली प्लायवुडला चिकटवलेलं. त्याच्या मुळाशी कार्ल त्सीग्लर आणि जुलिओ नात्ता यांचं काम आहे, ज्याबद्दल दोघांना १९६३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ऊन आणि ओझोन हे रबराचे जुने वैरी. ईपीडीएम दोघांनाही पुष्कळ वर्षं दाद देत नाही. पेट्रोल, ग्रीस किंवा तेल लागलं तर मात्र फुगतं. म्हणून ते साफ करायला रॉकेल-थिनर काही नको, भांडी घासायचं साबणपाणी पुरतं.

*

आता माझ्या टपावर.

पहिले दोन रविवार मी फक्त खरवडलं. आधीच्या मालकाने गळती दिसली तिथे सिलिकॉन फासलं होतं, तेही थरावर थर. बाथरूमच्या टाइल्सना लावतात ते. सिलिकॉन वाईट नाही, पण ते ईपीडीएमला धड धरत नाही, आणि त्याच्यावर दुसरं काहीच धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. म्हणजे ते लावणारा माणूस आपल्यानंतर येणाऱ्याचंही काम बिघडवून ठेवतो. मी प्लास्टिकची खरवडणी वापरत होतो, लोखंडाची वापरली तर रबर फाटतं. गुडघ्यांखाली प्लायवुडचा तुकडा, वजन एका जागी येऊ नये म्हणून.

गळती शोधायचा पहिला नियम: डाग असतो तिथे भोक नसतं. पाणी आत शिरलं की लाकडाच्या कडेकडेने, वायरीवरून, कुठेही दहा फूट जाऊन मग टपकतं. बाबांचा माजघरातला अंधार इथे उपयोगाचा नाही, कारण रबर आणि छताच्या पॅनेलमध्ये काहीच उजेड जात नाही. त्याऐवजी मी उलटं केलं. सगळ्या खिडक्या-झाकणांना टेप लावली, एका फटीत पंख्याने बाहेरची हवा आत कोंबली आणि टपावर सगळ्या सांध्यांवरून साबणाचं पाणी ओतलं. बाथरूमच्या झाकणापासून चांगलं पाच फूट पुढे, अँटेनाच्या बुडाशी बुडबुडे आले. धाकटी टाळ्या वाजवत होती. बुडबुड्यांसाठी.

अँटेनाचे स्क्रू काढले, पत्रा उचलला. खालची टेप वाळून वडीच्या तुकड्यासारखी झालेली. रबर दोन बाजूंनी कापून, चादर दुमडावी तसं मागे वळवलं. खालचं प्लायवुड हाताने उचलता येत होतं, ओल्या चहापत्तीसारखं. दोन फूट बाय पाच फूट. मी बराच वेळ तिथे तसाच बसून राहिलो.

रात्री मी एका गोष्टीचा शोध घेतला: हे असं बांधायला कुणी सुरुवात केली? १९३४मध्ये हॉली बोलस याने अॅल्युमिनियमच्या रिव्हेटबंद पत्र्याचा ट्रेलर केला. तो विमानं बांधणारा. लिंडबर्गचं 'स्पिरिट ऑफ सेंट लुईस' ज्यांच्या देखरेखीखाली तयार झालं त्यांतला एक. १९३६मध्ये वॉली बायमने त्याच आकाराचा एअरस्ट्रीम 'क्लिपर' आणला. विमानासारखा गोल टप, म्हणजे पाण्याला उतार. बाबांना तो पसंत पडला असता. रिव्हेटच्या भोकांतून तोही गळतो, पण मधोमध तळं साचत नाही.

त्यानंतर माझ्या घरापासून दीडेक तासावर, मिशिगनच्याच ब्राउन सिटी नावाच्या गावात, रे फ्रँकने १९५८च्या सुमारास आपल्या कुटुंबासाठी एक गाडी बांधली, ज्यात घर आणि इंजिन एकच होतं. 'मोटरहोम' हे नाव चालू केल्याचं श्रेय त्याला देतात. १९६१पासून तो त्या विकू लागला. १९६६मध्ये आयोवातल्या विनेबागोने मोटरहोम कारखान्याच्या पट्ट्यावर एकामागून एक काढायला सुरुवात केली, आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. भिंती कशा? मध्ये फोम, दोन्ही बाजूंनी पातळ थर, सगळं एकत्र चिकटवलेलं. हलकं, स्वस्त, गरम राहणारं. आणि सरळ रेषांचं, कारण सपाट पत्रा वाकवायला पैसे लागत नाहीत. पुढे त्या सपाट टपावर भोकं वाढत गेली. एसीसाठी १४ इंच बाय १४ इंचाचं, झाकणांसाठी, संडासाच्या नळीसाठी, अँटेनासाठी. या सुखसोयी नको म्हणणारा मी कोण? पण दोन थरांत कोंडलेल्या पाण्याला सुकायला वारा नाही, हे त्या जाहिरातींत कुठे नसावं, असं माझं मत.

खरं तर अशा गाडीच्या माहितीपुस्तकात टप वर्षातून निदान दोनदा तपासावा असं लिहिलेलं असतं. माझ्याही होतं. ते पान कोरं करकरीत होतं.

*

सप्टेंबरच्या अखेरीस दादाचा ठाण्याहून फोन आला. विषय गावच्या घराचा. मे महिन्यात बाबा शाकारणीला एकटेच वर चढले होते, एक रीप मोडली आणि ते पडवीवर घसरत आले. मनगटाचं हाड मोडलं. मला हे तेव्हा कळवलं नव्हतं. "तू तिकडून काय करणार होतास," दादा म्हणाला. तो रागावून म्हणाला नव्हता, म्हणून जास्त लागलं. मे महिन्यात आम्ही तळ्याकाठी तंबूत दिव्यांच्या माळा लावत होतो.

दादाचं म्हणणं साधं होतं. गडी मिळत नाहीत. जे होते ते मुंबईला गेले किंवा म्हातारे झाले. माकडं रोज पाच-दहा कौलं फोडतात. आजूबाजूच्या निम्म्या घरांवर निळे पत्रे चढलेत. कौलं काढून लोखंडी पाइप आणि पत्रा टाकला की पंधरा-वीस वर्षं वर बघायला नको. अर्धे पैसे तू दे, अर्धे मी देतो.

"बाबा काय म्हणतात?"

"तूच विचार."

मी विचारलं. बाबांनी उन्हाळ्यात भट्टी होते, पावसात आवाजाने बोलणं ऐकू येत नाही, असली कारणं दिली. मग थोडं थांबून म्हणाले, "कौल गळला तर दिसता. पत्रो खंय गळता ता तुका दिसता काय? स्क्रूच्या बुडात गंज लागता नि तू खाली निजलेलो आसतंस."

मी ज्या भोकाच्या काठावर बसून बोलत होतो ते भोक त्यांना दाखवलं. कुजलेलं प्लायवुडही दाखवलं. ते हसले, चांगले खो-खो हसले, प्लॅस्टर नुकतंच काढलेला हात मांडीवर आपटला आणि मग आई गं म्हणाले.

दादाचंही चूक नाही. मला दोघांचं पटत होतं आणि त्याचा दोघांनाही उपयोग नव्हता. शाकारणीबद्दल हळवं होणं मला इथून सोपं आहे. त्या छपरावर दरवर्षी कुणाच्या तरी गुडघ्यांची सालटी निघतात, आणि पूर्वी ती बहुतेकदा आमची नव्हती, गड्यांची होती. आमच्या घरच्या आठवणींत त्या दोघांना 'गडी' एवढंच नाव आहे. दरवर्षी घर पाण्यापासून वाचवणारी ती माणसं गाव सोडून गेली तेव्हा त्यांनी योग्यच केलं.

*

काम उरकलं ते असं. कुजलेलं सगळं कापून काढलं, पार कोरडं लाकूड लागेपर्यंत. आठवडाभर पंखा. सुदैवाने पाऊस नाही. कडेच्या लाकडाला घट्ट करणारं द्रावण पाजलं, अर्ध्या इंचाचा नवा प्लायवुड कापून बसवला. वर गोंद, मग दुमडलेलं रबर परत सपाट, पोळी लाटावी तसं लाटण्याने दाबत दाबत हवा बाहेर. जिथे कापलं होतं तिथे रुंद टेप. अँटेना परत बसवलाच नाही. आम्ही टीव्ही बघतच नव्हतो. त्याच्या भोकावर अॅल्युमिनियमचा पत्रा, खाली ब्यूटाइलची पट्टी, स्क्रू आळीपाळीने समोरासमोरचे आवळत नेले, जादा ब्यूटाइल कडेने काळ्या गुळासारखं बाहेर आलं ते कापून टाकलं. मग प्रत्येक स्क्रूवर आणि कडेवर टपासाठीचं सीलंट, जे ओतलं की आपोआप पसरून सपाट होतं. उभ्या कडेला हे वापरू नका, ओघळून खिडकीपर्यंत येतं. मी ते करून पाहिलं आहे. बाकीच्या सगळ्या झाकणांचंही तेच केलं, एकेक करून, कारण एका ठिकाणची टेप वाळली असेल तर बाकीच्याही त्याच वयाच्या. सीलंटच्या ११ नळ्या लागल्या. गोंद, टेप, प्लायवुड धरून एकूण खर्च ६१० डॉलर. गुडघे वेगळे.

९ ऑक्टोबरला संध्याकाळी मी वर नळी घेऊन उभा राहिलो. बायको आत टॉर्च घेऊन, मुली दोन टोकांना पहारा देत. आधी खालच्या सांध्यांवर पाणी, दहा मिनिटं थांबून मग जरा वर, नाहीतर कुठून आलं ते कळत नाही. एक तास. आतून काही आवाज येईना म्हणून मीच विचारलं, "काय?"

"काही नाही," बायको म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आपण मे महिन्याची तिकिटं बघूया का?"

बाथरूमच्या वरच्या कपाटाच्या दाराला आतून मी एक कागद चिकटवलाय. तारीख, कुठे काय लावलं, पुढची तपासणी एप्रिल. पत्र्याचं अजून ठरलेलं नाही. दादाने पुढच्या मेपर्यंत थांबायचं कबूल केलं, बाबांनी तोवर शिडीला हात न लावायचं. त्यांच्या शब्दावर माझा फारसा विश्वास नाही, म्हणून शेजारच्या काकांना शिडी त्यांच्याकडे नेऊन ठेवायला सांगितलं आहे.

बाबांना पूर्ण झालेलं काम व्हिडिओवर दाखवलं. उतार नाही तो नाहीच, हे त्यांनी परत सांगितलं. मग कॅमेरा जवळ न्यायला लावून स्क्रूंच्या ओळीकडे बघत राहिले.

"ती काळी पट्टी केवढ्याक गावता?"

मी सांगितलं.

"येताना चार रोल हाड," ते म्हणाले. "दादा ऐकूचो नाय."